गाडीतला जपानी रेडिओ आणि आपली वर्णमाला

मुलांनो, आणि मुलांना वर्गात सोडून बाहेर गाडीत पेपर वाचत बसणाऱ्या आई-बाबांनो,

या अंकातला पाठ गाडीतच सुरू होतो. सिंगापूरमध्ये जपानी गाड्या दोन वाटांनी येतात. काही गाड्या अधिकृत विक्रेते मागवतात. काही मात्र स्वतंत्र आयातदार थेट जपानच्या बाजारातून उचलून आणतात. जपानमध्येही वाहने डाव्या बाजूने चालतात आणि चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे ती गाडी इथे जशीच्या तशी चालते. वापरलेली गाडी असेल तर ती ३ वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही, असा इथला नियम आहे. कधीकधी नावावरूनही ओळख पटते. भारतात होंडाची जी 'जॅझ' म्हणून विकली गेली, तिचे जपानमधले नाव 'फिट'. तेव्हा इथल्या रस्त्यावर मागच्या बाजूला 'फिट' लिहिलेली गाडी दिसली तर ती बहुधा दुसऱ्या वाटेने आलेली समजावी.

अशा गाडीबरोबर एक बोलका प्रवासी फुकट येतो, तो म्हणजे तिचा स्टीरिओ. किल्ली फिरवली की एक बाई अतिशय अदबीने जपानीत काहीतरी सांगतात आणि स्क्रीनवर अक्षरांची रांगोळी उमटते. आपल्या वर्गातल्या काही घरांत ही रांगोळी रोज पाहिली जाते. "ही भाषा बदलायची कशी?" असे पालक विचारतात. मुलांचा प्रश्न निराळाच असतो: "वर्णमाला ओळीने पाठ कशाला करायची?" आम्ही या दोन्ही प्रश्नांना एकाच पाठात उत्तर द्यायचे ठरवले आहे.

आधी पालकांचा प्रश्न घेऊ. गाडी पार्किंगमध्ये उभी करा आणि हँडब्रेक ओढा. हे सुरक्षिततेसाठी आहेच, शिवाय अनेक जपानी स्टीरिओ हँडब्रेक ओढल्याशिवाय मांडणीच्या पानात शिरूच देत नाहीत. मग फोनने प्रत्येक पानाचा फोटो काढत चला, म्हणजे परतीची वाट सापडेल. बाजूची बटणे पुष्कळदा इंग्रजी अक्षरांत असतात. त्यांतले 'मेन्यू' दाबा. आता स्क्रीनवर 'सेत्तेइ' हा शब्द शोधायचा आहे. सेत्तेइ म्हणजे मांडणी, सेटिंग. त्यात दोन अक्षरे आहेत. पहिल्या अक्षराच्या डाव्या अर्ध्यात वर एक टिंब, खाली तीन आडव्या रेघा आणि सगळ्यात खाली एक छोटा चौकोन दिसेल. हा चौकोन म्हणजे तोंड, आणि हे सगळे मिळून झाले 'बोलणे'. दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर छप्पर आहे. शेजारी दातेरी चाकाचे चित्र असले तर शोधण्याचे श्रम वाचतात.

सेत्तेइच्या आत काही स्टीरिओंत 'इप्पान' म्हणजे 'सर्वसाधारण' असे आणखी एक दार असते. त्याचे पहिले अक्षर म्हणजे नुसती एक आडवी रेघ. चिनी आणि जपानी दोन्हींत 'एक' असाच लिहितात. त्याच्याही आत 'गेंगो' हा शब्द मिळाला तर काम फत्ते. गेंगो म्हणजे भाषा. याचे पहिले अक्षर म्हणजे मघाचेच 'बोलणे', या वेळी एकटे आणि पूर्ण. दुसऱ्या अक्षरात डावीकडे पुन्हा 'बोलणे' आणि उजवीकडे वर 'पाच' व खाली 'तोंड'. पाच तोंडे बोलू लागली की भाषा तयार होते, असे लक्षात ठेवा. (ही आमची आठवणीची खूण आहे, व्युत्पत्ती नव्हे.) गेंगोवर बोट ठेवले की पर्याय उघडतात: 'निहोंगो' म्हणजे जपानी, आणि 'एइगो' म्हणजे इंग्रजी. इंग्रजीचे नाव पुष्कळदा इंग्रजी अक्षरांतच असते. निहोंगोचे पहिले अक्षर सूर्य: चौकोन आणि मध्ये एक रेघ. दुसरे मूळ: झाडाच्या बुंध्याला मारलेली छोटी रेघ. सूर्याचे मूळ जिथे आहे तो देश, आणि त्याची 'गो', म्हणजे भाषा.

शाळेत मँडरिन शिकणारा मित्र असेल तर त्याला शेजारी बसवा. त्याला यातले बरेचसे वाचता येईल आणि एक गंमतही दिसेल. चिनीत भाषेला 'यू-येन' म्हणतात आणि तीच दोन अक्षरे उलट क्रमाने लिहितात. सिंगापूरच्या शाळांत सुटसुटीत केलेली अक्षरे शिकवतात, त्यामुळे 'बोलणे' हे अक्षर डाव्या बाजूला आले की त्याच्या वहीत ते दोन फटकाऱ्यांत उरकते. जपानी लोक तिथे अजून साती रेघा काढतात.

आता न आवडणारी बातमी. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या पुष्कळ स्टीरिओंत गेंगोचे दार नसतेच. कंपनीने ते दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल असे धरलेलेच नाही; आत फक्त जपानी भरलेली आहे. मग सगळी पाने तीन-तीनदा पालथी घालून उपयोग नाही. हेही पाहा की वेगमापकाजवळच्या छोट्या स्क्रीनची भाषा आणि स्टीरिओची भाषा या वेगळ्या असू शकतात. एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही, आणि एक बदलत नाही म्हणून दुसरीची आशाही सोडू नये.

स्टीरिओ बदलून नवा बसवणे हा एक उपाय. त्याला पैसे लागतात, आणि मागचा कॅमेरा त्याच स्टीरिओला जोडलेला असेल तर आधी त्याची चौकशी करून घ्यावी. दुसऱ्या देशाच्या स्टीरिओचे सॉफ्टवेअर आत घालून देतो असे म्हणणारेही भेटतात. ते फसले तर जपानीही जाते आणि इंग्रजीही येत नाही. फोनचा कॅमेरा अक्षरांवर धरून भाषांतर पाहणे हा फुकटचा उपाय, अधूनमधून बरा. रोज ज्याला गाडी चालवायची आहे त्याने पंधरा-वीस शब्द शिकावेत हे आम्हाला सगळ्यांत स्वस्त आणि टिकाऊ वाटते. आणि इथे मुलांची गरज लागते.

मुलांनो, 'होय' आणि 'नाही' हे दोन शब्द आधी शिका, कारण पैसे वाचवणारे हेच आहेत. होय म्हणजे 'हाइ'. कोल्हापूरकडच्या पाहुण्यांना "जेवण झालं का?" विचारले की "झालंय की, हाय!" असे ऐकू येते ना? ते 'हाय' म्हणजे 'आहे', आणि जपानी 'हाइ' म्हणजे 'होय'. नात्यातले नसले तरी शेजारी म्हणून लक्षात राहतील. नाही म्हणजे 'इइए'. आता समजा चुकून एखाद्या पानावर 'शोकिका' हा शब्द आला आणि खाली प्रश्न आला: "योरोशीइ देसु का?" शोकिका म्हणजे सगळे पुसून कारखान्यातून आले तसे करणे. प्रश्नाचा अर्थ "चालेल का?" इथे घाईने 'हाइ' दाबले की साठवलेली स्टेशने, जोडलेले फोन, सगळे पुसले जाते. तेव्हा इइए.

त्या प्रश्नाच्या शेवटचा 'का' पाहिलात? "येतोस का?", "चालेल का?" आपणही प्रश्नाच्या शेपटाला 'का' लावतो. तेही तसेच करतात, तेही वाक्याच्या अगदी शेवटी. 'देसु' मधला 'उ' जवळजवळ ऐकू येत नाही, 'देस्' असाच कानावर पडतो. आपण 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो, तसेच ते.

पालकांसाठी याच जागी एक सूचना. काही स्टीरिओ बॅटरी काढली की चोरीला गेल्याच्या संशयाने स्वतःला कुलूप लावून घेतात आणि संकेतांक मागतात. काहींतून नकाशाचे कार्ड काढले तर रेडिओही बंद पडतो. त्या कार्डावरचा नकाशा जपानपुरता असतो, सिंगापूर त्यात नाही, म्हणून ते निरुपयोगी समजून फेकून देऊ नये. बॅटरी बदलण्याआधी गॅरेजवाल्याला "स्टीरिओ जपानी आहे" एवढे सांगून ठेवावे.

आता मुलांचा प्रश्न, आणि आमच्या मते पाठाचा खरा गाभा.

मराठी इथल्या शाळेत शिकता येत नाही. तमिळखेरीज बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या ५ भारतीय भाषा घेता येतात. आपली मुले बहुधा हिंदी घेतात. त्यामुळे मराठीला गुण नाहीत, परीक्षा नाही, आहे ती शनिवारची दोन तासांची बैठक. आणि त्या बैठकीत आम्ही म्हणायला लावतो: क ख ग घ ङ, च छ ज झ ञ. एका विद्यार्थ्याने सरळ विचारले की शब्द तर फोनमध्ये शोधता येतो, मग ओळ कशाला? प्रश्न रास्त आहे. "पाठ कर म्हणजे कर" हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

तर त्याने जपानी गाडीत बसावे आणि गावाचे नाव लिहायचे पान उघडावे. तिथे अक्षरांचा तक्ता येतो. बहुतेक वेळा तो उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. पहिला रकाना वरून खाली: अ, इ, उ, ए, ओ. आता आपले स्वर म्हणा: अ आ इ ई उ ऊ ए ऐ ओ औ. यातले आ, ई, ऊ, ऐ, औ खोडा. काय उरले? तोच रकाना, त्याच क्रमाने.

पुढचे रकाने असे: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपली व्यंजने शेजारी ठेवा. क-वर्गातला क आला. च-वर्गाच्या जागी स आहे. ट-वर्ग जपानीत नाहीच. त-वर्गाचा पहिला त आणि शेवटचा न आला. प-वर्गाच्या जागी ह, आणि त्या वर्गाच्या शेवटी म. मग य, र, व. ल त्यांच्याकडे नाही. च च्या जागी स आणि प च्या जागी ह कसा, असे कुणी विचारले तर त्याला एक चॉकलेट द्यावे असा हा प्रश्न आहे. जुन्या काळी जपानी लोक त्या 'हा' चा उच्चार 'पा' करत, आणि 'सा' चा उच्चार 'च' च्या जवळ असे, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. उच्चार बदलले, रकान्यांच्या जागा राहिल्या. याची खूण आजही तक्त्यावर आहे. 'का' च्या खांद्यावर दोन छोट्या रेघा दिल्या की 'गा' होतो, 'ता' चा 'दा' होतो. आणि 'हा' ला त्याच रेघा दिल्या की 'बा' होतो! ह चा आणि ब चा काय संबंध? ह चा नाही, पण प चा आहे: प फ ब भ म.

हा योगायोग नव्हे. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र चीनमार्गे जपानला गेले, आणि मंत्र बिनचूक म्हणायचे तर अक्षरे शिकणे आले. ती अक्षरे 'सिद्धम्' नावाच्या लिपीत होती. ही लिपी आपल्या देवनागरीसारखीच ब्राह्मीच्या घराण्यातली. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोचला, आणि ७५२ साली नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हस्ते झाला. कूकाइ हा जपानी भिक्षू ८०४ साली चीनला गेला, तिथे सिद्धम् शिकला आणि ८०६ साली परतला. पुढे भिक्षूंनी आपल्या भाषेचे ध्वनी त्याच वर्णमालेच्या क्रमाने मांडले. जपानी शब्दकोश आज याच क्रमाने लागतात, शाळेतली हजेरीही याच क्रमाने घेतात. आणि 'सिद्धम्' हा शब्द आपल्याही घरातला आहे. पूर्वी महाराष्ट्रात मुलाच्या हातून पाटीवर 'ॐ नमः सिद्धम्' गिरवून घेत. त्याचेच झाले 'ओनामा'. एखाद्या कामाचा 'ओनामा' केला असे आजी म्हणते तेव्हा ती त्याच पाटीची आठवण काढत असते.

मराठी येणाऱ्याला जपानी उच्चारही इंग्रजी येणाऱ्यापेक्षा लवकर साधतात. पुढच्या पानावर जा असे सांगणारा शब्द आहे 'त्सुगि'. इंग्रजी जिभेला हा 'त्सु' अवघड जातो. तुम्ही 'चूल' म्हणा, 'चोर' म्हणा, 'चाक' म्हणा. तो 'चमचा' मधला च आहे, 'चहा' मधला नव्हे. तसाच 'जहाज' मधला ज त्यांच्या 'झा'ला चालतो. 'सेत्तेइ' मधला जोड 'त्त' आपल्या 'पत्ता', 'सत्ता' मध्ये आहे. आणि 'गेंगो' वरचा अनुस्वार तर आपलाच: 'अंगण' म्हणताना नाकात येतो तो. 'आंबा' मध्ये त्याचा म् होतो, 'चिंच' मध्ये ञ्. जपानीतही त्या एकाच अक्षराचा उच्चार पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो आणि प, ब पुढे म् च होतो. व्याकरणाच्या तासाला 'परसवर्ण' म्हटल्यावर जे डोळे मिटतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे. एका बाबतीत मात्र सांभाळा. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला आम्ही अर्धा गुण कापतो. तिथे एखादी काकू रुसेल.

आता त्या अदबशीर बाईंकडे वळू. त्या काय सांगतात? जपानमध्ये महामार्गाचा टोल गाडीतल्या एका पेटीतल्या कार्डातून आपोआप कापला जातो. आपल्याकडे ई.आर.पी. १९९८ साली आली, त्यांच्याकडे ई.टी.सी. ही पद्धत २००१ पासून देशभर पसरली. ती पेटी गाडीबरोबर इथे येते, कार्ड येत नाही. म्हणून रोज सकाळी तक्रार: "ई.टी.सी. कादो गा सोऽन्यू सारेते इमासेन." कादो म्हणजे कार्ड. गा हा कर्त्याला लावायचा प्रत्यय. सोऽन्यू म्हणजे आत घालणे. सारेते म्हणजे केले गेलेले. इमासेन म्हणजे नाही. एकेका शब्दाखाली मराठी शब्द लिहीत जा: "ई.टी.सी. कार्ड आत घातले गेलेले नाही." एकही शब्द जागेवरून हलवावा लागला नाही. हेच इंग्रजीत करून पाहा, 'नाही' मध्येच कुठेतरी घुसेल. आपल्यासारखेच त्यांचे क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही शेवटी.

रस्ता दाखवताना बाई म्हणतात: "सांब्याकु मेऽतोरु साकि, हिदारि होऽकोऽ देसु." ३०० मीटर पुढे, डावी दिशा आहे. उजवी असेल तर 'मिगि'. पुन्हा तोच क्रम. आपल्या विभक्तीसारखे त्यांचेही प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात. 'कुरुमा नो राजिओ' म्हणजे गाडीचा रेडिओ. आपल्याला चा, ची, चे, च्या असे लिंग-वचन पाहून बदलावे लागतात, त्यांना एक 'नो' सगळीकडे पुरतो. यावरून कुणी जपानी सोपी म्हणून मराठी सोडायचा विचार करत असेल तर त्याने आधी त्यांची दोन हजारांवर कांजी अक्षरे मोजावीत. आणि 'माझा गाडी' आम्ही तरीही चालवून घेणार नाही.

गाडीच्या भागांची नावे ऐकण्यासारखी आहेत. ब्रेकला 'बुरेऽकि', इंजिनला 'एंजिन', आणि स्टीअरिंगला 'हांदोरु', म्हणजे हँडल! भोंग्याला ते 'कुराकुशोन' म्हणतात. 'क्लॅक्सन' हे भोंगे बनवणाऱ्याने दिलेले नाव, तेच वस्तूचे नाव झाले. आपण हसायला नको. जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो, ते वेल्समधल्या लानेल्ली गावात तयार होणाऱ्या चाकाचे व्यापारी नाव होते. इंग्लंडात तो शब्द विसरला गेला, पुण्यातल्या पंक्चरवाल्याकडे तो अजून जिवंत आहे.

रेडिओची एक अडचण भाषा बदलूनही सुटत नाही. जपानमध्ये एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असे (२०१४ पासून तो ९५ पर्यंत वाढला). ९० च्या वरची जागा तिकडे जुन्या टीव्हीच्या पहिल्या तीन वाहिन्यांना दिलेली होती. तो टीव्ही २०११-१२ मध्ये बंद झाला. सिंगापूरची स्टेशने ८८ ते १०८ मध्ये आहेत. म्हणून जुन्या जपानी रेडिओवर ८९.७ चे मलाय स्टेशन 'रिआ' लागते, पण ९६.८ चे तमिळ 'ओळी' लागत नाही. यासाठी अँटेना आणि रेडिओ यांच्यामध्ये एक छोटी डबी बसवतात. ती प्रत्येक स्टेशन ठरावीक अंतराने खाली आणते. १२ मेगाहर्ट्झची डबी असेल तर ९६.८ वजा १२, म्हणजे ८४.८ वर ओळी ऐकू येईल. इथे एक मर्यादा आहे: ९० मध्ये १२ मिळवले की १०२, म्हणजे १०२ च्या वरची स्टेशने डबी बसवूनही हाती लागणार नाहीत.

मराठी स्टेशन इथे नाही, तेव्हा गाणी घरूनच आणावी लागतात. यूएसबीवर भरलेल्या गाण्यांची नावे देवनागरीत असतील तर जुन्या जपानी स्क्रीनवर चौकोन किंवा भलतीच अक्षरे दिसतात. जपानने १९७८ साली संगणकासाठी अक्षरांची जी प्रमाण यादी केली तीत सहा हजारांवर कांजी होती, रोमन, ग्रीक आणि रशियन अक्षरेही होती. देवनागरी नव्हती. जिच्या क्रमाने त्यांचा तक्ता लागतो त्या घराण्यातली लिपीच यादीत नाही, हे आम्हाला थोडे लागलेच. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरी आली, पण जुन्या स्टीरिओला ते कोण सांगणार? अशा बिघडलेल्या अक्षरांना जपानीत फार छान शब्द आहे: 'मोजिबाके'. मोजि म्हणजे अक्षर आणि बाके म्हणजे रूप पालटणे, भुताने रूप पालटावे तसे. गाण्यांची नावे रोमन अक्षरांत लिहिली की भूत उतरते. डीव्हीडीचे दुखणे वेगळे. जपानचा विभाग २, सिंगापूरचा ३ आणि भारताचा ५; भारतात घेतलेली चित्रपटाची डीव्हीडी त्या गाडीत चालली नाही तर तबकडीला दोष देऊ नये. व्हीसीडीला असे विभाग नव्हते.

स्वाध्याय

१. आपली पूर्ण वर्णमाला वहीत लिहा. जपानी तक्त्यात जी अक्षरे नाहीत त्यांवर पेन्सिलीने हलकी रेघ मारा. (शाईने नको, पुढच्या शनिवारी वर्णमाला लागणार आहे.)

२. हे शब्द जपानी शब्दकोशाच्या क्रमाने लावा: राजिओ, मोदोरु (परत जा), कुरुमा, हाइ, सेत्तेइ, गेंगो. सूचना: 'गे' हा 'के' च्याच जागी धरतात.

३. १२ मेगाहर्ट्झची डबी बसवली तर ९२.४ चे 'सिंफनी' स्टेशन कितीवर लागेल? १० ची बसवली तर? दहाच्या डबीने सगळ्यात वरचे कोणते स्टेशन ऐकता येईल ते स्वतः ठरवा.

४. 'शिंगापोऽरु नो कुरुमा' याचे मराठी करा. 'नो' च्या जागी चा, ची की चे, आणि का, ते लिहा.

५. ज्यांच्याकडे जपानी गाडी आहे त्यांनी बाईंचे एक वाक्य ऐकून देवनागरीत उतरवून आणावे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी मित्राच्या गाडीत बसून यावे, आधी त्याच्या आईला विचारून.

उत्तरे पुढच्या अंकात.